अंडी दर वेळी पांढरी पडतात? आधी एंजलफिशच्या जोडीत दोन्ही माद्याच तर नाहीत ना ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुकानातून 'कन्फर्म पेअर' म्हणून आणलेले दोन मार्बल एंजलफिश, दोन फुटी टाकी, बोअरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ६००च्या आसपास. फिल्टरच्या पाइपवर तीनदा अंडी झाली, दोघंही राखण करत होते, भांडण अजिबात नाही, पण दर वेळी दुसऱ्या दिवसापर्यंत सगळीच्या सगळी अंडी पांढरी. बुरशीवर कोणतं औषध टाकू, असं तुम्ही विचारलंय.

औषध नको. माझा पहिला संशय दोन्ही माद्या असण्याचा, दुसरा पाण्याचा. बुरशीचा नंबर त्यानंतर. बुरशी आधी मेलेल्या अंड्यावर धरते आणि तिथून शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. चोवीस तासांत सरसकट सगळी अंडी पांढरी झाली तर ती बुरशीने मेलेली नसतात, ती फलितच झालेली नसतात.

एंजलमध्ये दोन माद्यांची जोडी जमणं ही रोजची गोष्ट आहे. टाकीत नर नसला की दोन माद्या एकमेकींशी जोडी लावतात. कोपरा अडवतात, पाइप घासून साफ करतात, अंगाला झटके देतात, अंडी घालतात, वारा घालतात, राखण करतात. सगळा सोहळा अगदी नवरा-बायकोसारखा. दुकानदाराने तेवढं बघितलं असेल तर त्याने 'पेअर' म्हणून विकण्यात लबाडी असेलच असं नाही, त्याचीही फसगत झालेली असू शकते. म्हणून तयार जोडी घेताना 'अंडी घातली का' हे विचारून भागत नाही. 'पिल्लं निघाली का' हे विचारायचं, आणि पिल्लांसोबतचा त्याच जोडीचा व्हिडिओ मागायचा. मार्बलच्या पट्ट्या दोन माशांत कधी सारख्या नसतात, त्यामुळे व्हिडिओतला मासा हाच का, ते लगेच कळतं.

नर-मादी ओळखायच्या ज्या खुणा सांगतात त्यांच्याबद्दल आधी बोलतो, कारण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. नराच्या कपाळाला उंचवटा असतो, मादीचा जबडा निमुळता असतो, मादीचं पोट भरलेलं दिसतं, नराचा वरचा पर लांब असतो, वगैरे. कपाळाचा उंचवटा दीड-दोन वर्षांच्या मोठ्या नरांमध्ये खरंच दिसतो, पण भरपूर खाल्लेल्या मादीलाही थोडा येतो, आणि तरुण नराला नसतोच. पोटाचं तर विचारूच नका, नुकतं ब्लडवर्म (लाल अळ्या) खाल्लेला नर मादीपेक्षा गोल दिसतो. परांची लांबी वंशावर असते. व्हेल (लांब, झुलत्या परांच्या) जातीतली मादी साध्या नरापेक्षा लांब परांची असणारच. या सगळ्यावरून अंदाज बांधता येतो, पण पैसे मोजावेत इतका भरवसा त्यावर ठेवू नये. गप्पीमध्ये नर-मादी लांबून कळते, एंजलमध्ये विणीच्या वेळेखेरीज खात्रीने सांगता येत नाही.

विणीच्या वेळी मात्र कळतं, आणि अगदी स्पष्ट कळतं. अंडी घालायच्या साधारण एक दिवस आधी दोन्ही माशांच्या पोटाखाली, गुदद्वार आणि खालचा पर यांच्या मधोमध, एक छोटी पांढुरकी नळी बाहेर येते. मादीची नळी जाड आणि टोकाला बोथट, तांदळाच्या तुकड्यासारखी. नराची बारीक, टोकदार आणि किंचित पुढे झुकलेली. एकच मासा बघून ठरवू नका. दोघं काचेजवळ बाजूबाजूला आले की मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. टॉर्च तोंडावर मारू नका, बाजूने धरा. नळी अंडी घातल्यानंतरही एखाद-दोन दिवस बाहेर राहते, त्यामुळे सकाळी उठून अंडी दिसली तरी संधी गेलेली नसते.

त्याहूनही पक्का पुरावा म्हणजे अंडी घालताना प्रत्यक्ष बघणं. बरेच एंजल दुपारनंतर किंवा संध्याकाळी घालतात आणि तासाभराहून जास्त वेळ ते चालतं. मादी पाइपला पोट टेकवून खालून वर सावकाश सरकते आणि तिच्या मागे अंड्यांची एक ओळ चिकटत जाते. ती बाजूला झाली की नर त्याच ओळीवरून तसाच सरकतो. नळी पाइपला घासते, पण त्याच्या मागे नवीन काही उमटत नाही. मग पुन्हा मादी. आता तुमच्या टाकीत बघा, दुसरा मासा सरकून गेल्यावर नवीन अंडी दिसतात का? दिसली तर विषय संपला, दोन्ही माद्या. आणखी एक खूण म्हणजे अंडी एकमेकांवर चढलेली, नेहमीच्या जोडीपेक्षा खूप जास्त असतात, किंवा एक-दोन दिवसांच्या अंतराने दुसरा लॉट पडतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. शंभरात पाच अंडी जरी दुसऱ्या दिवशी पारदर्शक, मधाच्या रंगाची राहिली आणि त्यांच्यात काळसर ठिपका दिसला, तर तुमच्याकडे नर आहे. मग प्रश्न लिंगाचा नाही. नर कोवळा असेल (पहिल्या दोन-तीन वेळा असं होतं आणि आपोआप सुधारतं), फिल्टरचा झोत अंड्यांवर येत असेल आणि नराचं वीर्य ओळीवर ठरायच्या आत वाहून जात असेल, किंवा पाणी. तुम्ही म्हणताय की अंडी फिल्टरच्या पाइपवरच होतात, म्हणजे झोताची शंकाही खरी असू शकते. पॉवर फिल्टर (मोटरवाला) काढून हवेवर चालणारा स्पंज फिल्टर लावा, हे कुठल्याही परिस्थितीत करायचंच आहे.

आता पाणी. एंजल मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातले, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातले. आज दुकानात येणारे मासे पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांतच वाढलेले असल्यामुळे ते जड पाण्यात जगतात, खातात, वाढतात, अंडीही घालतात. पण कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात फलित अंड्यांचं प्रमाण घसरतं. मुंबई-ठाण्यात नळाला तलावाचं पाणी येतं, ते मुळातच मऊ, तिथल्या लोकांना हा प्रश्न सहसा पडत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी वेगळं, तिथे ५००-६०० टीडीएस ही नवलाची गोष्ट नाही. विणीसाठी मी १०० ते २०० टीडीएस आणि पीएच ६.५ ते ७ धरतो. त्यासाठी घरच्या आरओचं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळायचं. आरओचं ५० आणि बोअरचं ६०० असेल तर तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर घेतल्यावर १९०च्या आसपास येतं. हे एकदम करू नका. आठवड्यातून दोनदा पाणी बदलताना थोडं थोडं खाली आणा, दोन-तीन आठवडे लागू द्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण सोसायट्यांमधले लोक हमखास फसतात. सॉफ्टनर लावलेलं पाणी म्हणजे एंजलला हवं ते मऊ पाणी नव्हे. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्या जागी सोडियम घालतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. टीडीएस मीटर सगळे क्षार मोजतं, त्यातलं कॅल्शियम किती ते सांगत नाही. त्यासाठी हार्डनेसचं थेंबवालं किट मिळतं, ते घ्या. कोकणात किंवा जिथे पाऊस भरवशाचा आहे तिथे पहिल्या काही सरी जाऊ देऊन नंतर धरलेलं पागोळीचं पाणी उत्तम, पण निव्वळ पावसाचं किंवा निव्वळ आरओचं पाणी वापरू नका. त्यात पीएच धरून ठेवायला काहीच नसतं, तो अचानक कोसळतो. नगरपालिकेचं पाणी असेल तर क्लोरिन घालवायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाका किंवा पाणी चोवीस तास हवा लावून ठेवा. देशी बदामाची वाळून गळलेली लालसर पानं धुऊन एक-दोन टाकली तर पाण्याला चहासारखा रंग येतो आणि मासे शांत होतात. फायदा आहे, पण ती जादू नाही. ६०० टीडीएसचं पाणी पानांनी मऊ होत नाही.

अंडी घालायला बरेच जण कडाप्प्याचा तुकडा उभा करतात. काळा, गुळगुळीत, दिसायला स्लेटसारखा आणि फुकट मिळणारा. पण कडाप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, तुम्ही आरओचं पाणी घालून मऊपणा आणायचा आणि दगडाने तो हळूहळू खायचा, असा प्रकार होतो. शंका असेल तर दगडावर ॲसिडचे दोन थेंब टाकून बघा, फसफसला की बाद. त्यापेक्षा दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या, सँडपेपरने खरखरीत करा, खाली टाइलचा तुकडा चिकटवून उभा करा, किंचित तिरका. काढायला, धुवायला, दुसऱ्या भांड्यात हलवायला यापेक्षा सोयीचं काही नाही.

समजा दोन्ही माद्याच निघाल्या. मग दोन रस्ते आहेत. पहिला, पिल्लं निघालेला सिद्ध नर मिळवणं. मिळाला तरी थेट सोडू नका. एंजल दिसायला सालस, पण अनोळखी माशाला कोपऱ्यात कोंडून मारतात, आणि दोन माद्यांची जोडी जमलेली असेल तर तिसऱ्याचं काही खरं नाही. एक मादी काढा, टाकीत मधोमध जाळीचा पडदा लावा, एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी. आठवडाभराने दोघं पडद्याला लागून एकमेकांसमोर पर पसरून थरथरायला लागले तर समोर बसून पडदा उचला. पडद्यातून धडका मारत असतील तर तो नर त्या मादीला नको आहे. दुसरी मादी लावून बघा. जबरदस्तीने इथे काही होत नाही.

दुसरा रस्ता वेळखाऊ, पण मी कोणालाही विचाराल तर हाच सांगतो: लहान सहा ते आठ एंजल घ्या आणि त्यांना एकत्र वाढू द्या. जोडी आपण नाही लावायची, त्यांची ती लावतात. हिशोब सोपा आहे. डोळे मिटून दोन मासे उचलले तर दोन्ही एकाच लिंगाचे असण्याची शक्यता निम्मी. चार घेतले तर आठात एक. सहा घेतले तर बत्तिसात एक. म्हणून सहा. आणि सहाच्या सहा एकाच दुकानातून, एकाच टाकीतून घेऊ नका, ती बहुधा सख्खी भावंडं असतात. दोन-तीन ठिकाणांहून घ्या, पण प्रत्येक लॉट निदान तीन आठवडे वेगळा ठेवून मगच एकत्र करा. कुर्ल्यासारख्या बाजारात मासे बाहेरून पेट्यांत येतात, त्यांच्याबरोबर काय काय येतं ते सांगता येत नाही.

निवडताना रंगाच्या मागे लागू नका. मी आधी डोळा बघतो. अंगाच्या मानाने डोळा मोठा दिसत असेल तर तो मासा खुरटलेला आहे, वयाने मोठा आणि अंगाने लहान. मग कल्ल्यांचं झाकण: दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद होतं का, की लाल कल्ले दिसतात? झाकण आखूड असलेला मासा विणीला घेऊ नये. पोटाखालचे दोन लांब तंतू सरळ आणि सारखे असावेत, वरचा पर ताठ असावा. आणि टाकीसमोर बोट नेल्यावर पुढे येणारा मासा घ्यावा, कोपऱ्यात तोंड खुपसून उभा असलेला कितीही सुंदर असला तरी सोडून द्यावा.

या सहा-आठ जणांना ३ × १.५ × १.५ फुटांची टाकी लागेल, म्हणजे सुमारे १९० लिटर. साधारण आठ ते दहा महिन्यांत पहिली जोडी दिसू लागते. दोघं एक कोपरा किंवा एक पान धरून बसतात आणि बाकीच्यांना तिथे फिरकू देत नाहीत. इथे लोक जोडी पकडून दुसऱ्या टाकीत टाकतात. मी शक्य असेल तर उलट करतो, जोडीला तिथेच ठेवून बाकीच्यांना हलवतो. नवीन टाकीत गेल्यावर जमलेली जोडी बिनसल्याची उदाहरणं थोडी नाहीत. जागेची अडचण असेल तर रात्री दिवा बंद झाल्यावर दोघांना एकत्रच हलवा.

जोडीच्या टाकीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. २ × १.२५ × १.५ फूट, साधारण १०० लिटर. उंची दीड फुटापेक्षा कमी नको, यांचे पर वर-खाली पसरतात. तळाला वाळू नको, मोकळी काच बरी, पडलेलं पिल्लू दिसतं आणि घाण ओढून काढता येते. एक स्पंज फिल्टर, हवा मंद. तीन बाजूंना काळा कागद. टाकी दारात किंवा टीव्हीशेजारी नको, आणि जमिनीपासून उंच ठेवा, माणसाची सावली वरून पडली की हे बिथरतात. तापमान २७ ते २८ अंश. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात हीटर लागणारच, पण त्यावर जाळीचं गार्ड घाला. हीटरच्या नळीवर अंडी घालण्याची यांना भारी हौस, आणि हीटर चालू झाला की ती अंडी शिजतात. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच घेऊन ठेवा.

खाण्यात आठवड्यातून चार-पाच वेळा फ्रोझन ब्लडवर्म किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव), बाकी चांगलं पेलेट. जिवंत ट्युबिफेक्स (गाळातले बारीक लाल किडे) स्वस्त आहे, मासे त्यावर तुटून पडतात, पण तो गटाराच्या पाण्यातून येतो. मी तो विणीच्या माशांना देत नाही. खाणं सुधारलं आणि आठवड्यातून दोनदा २५-३० टक्के पाणी बदललं की तब्येतीची जोडी आपण होऊन विणीला येते. पाणी एखादा अंश गार घातलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अंडी पडल्याचं बरेचदा दिसतं.

अंडी पडली की पुढचा वाद: आई-बापाकडे ठेवायची की काढायची? नवी जोडी पहिल्या दोन-चार वेळा अंडी खाते. खाऊ द्या. त्यांना वैतागून वेगळं करू नका, आणि दर अर्ध्या तासाने टाकीत डोकावू नका, बरेचदा खाण्याचं कारण तेच असतं. रात्री खोलीत मंद दिवा चालू ठेवा, अंधारात राखण नीट होत नाही. चार-पाच वेळा संधी देऊनही खातच राहिले तर अंडी पाइपसकट काढा. दहा-पंधरा लिटरचा डबा किंवा छोटी टाकी, त्यात त्याच टाकीचं पाणी, त्याच तापमानाचं. मेथिलीन ब्लूचे (बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाचे) थेंब टाकत जा, पाणी निळं व्हावं पण पलीकडची अंडी दिसावीत इतपत. एअरस्टोन अंड्यांच्या शेजारी, थेट खाली नको, बुडबुडे अंड्यांवर आपटता कामा नयेत. अंडी काढून घेतल्यावर चांगली जोडी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा घालते, म्हणून धंद्यासाठी करणारे काढतातच. छंदासाठी करत असाल तर एकदा तरी आई-बापांना पिल्लं वाढवताना बघा. सांडलेलं पिल्लू तोंडात उचलून परत जागेवर थुंकतात, ते बघण्यासारखं असतं.

२७-२८ अंशांना साधारण अडीच दिवसांत शेपट्या हलू लागतात. पिल्लं डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी पाइपला लटकून वळवळत राहतात, त्यांना आपल्यात विगलर म्हणतात. आणखी चार-पाच दिवस पोटातल्या बलकावर त्यांचं भागतं. या काळात काहीही खायला घालायचं नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून देण्याचा सल्ला सर्रास मिळतो, त्याने पाणी नासतं आणि पिल्लं एका रात्रीत जातात. पिल्लं सुटून एकत्र पोहायला लागली की पहिला घास ताज्या आर्टेमियाचा.

म्हणून विगलर दिसले त्याच दिवशी आर्टेमियाची तयारी करा, एक बाटली आधी करून बघा. प्लास्टिकची बाटली उलटी, त्यात एक लिटर पाणी आणि २५-३० ग्रॅम जाडं मीठ, पाव ते अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तळापासून जोरात हवा, वर दिवा. २८ अंशांना चोवीस ते छत्तीस तासांत निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर तरंगतात, नारिंगी जिवंत थर खाली बसतो. तो नळीने ओढून दाट कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि मगच द्या. टरफलं पिल्लांच्या पोटात जाता कामा नयेत. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. खाल्लं की नाही हे ओळखायला भिंग लागत नाही, दहा मिनिटांत पोटं नारिंगी दिसतात. ज्याचं पोट नारिंगी नाही ते उद्या-परवा जाणार, त्याला इलाज नाही.

रोज तळ साफ करा आणि निम्मं पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदला. पिल्लं मरण्याचं सगळ्यात मोठं कारण उरलेलं खाणं. तीन-चार आठवड्यांत एंजलचा आकार येतो, तेव्हा गर्दी कमी करा. १०० लिटरला चाळीस-पन्नासपेक्षा जास्त ठेवली तर तंतू वाकडे होतात आणि वाढ खुंटते. कोणाबरोबर कोण लावायचं याबद्दल तूर्त एवढंच: व्हेलला व्हेल लावू नका, एक चतुर्थांश पिल्लं दुहेरी व्हेल निघतात, ती अशक्त असतात आणि त्यांना स्वतःचे पर पेलत नाहीत. एक व्हेल आणि एक साधा, असं लावा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आजच पॉवर फिल्टर काढून स्पंज लावा, पाइपचा तुकडा उभा करा आणि आरओचं पाणी मिसळायला सुरुवात करा. पुढच्या वेळी पाइप साफ करताना दिसले की नळ्यांचे फोटो काढा आणि संध्याकाळ त्यांच्यासमोर काढा. दोन्ही नळ्या बोथट दिसल्या तर त्या अंड्यांची वाट बघू नका, ती काढून टाका आणि लहान एंजल शोधायला लागा. या दोन माद्यांना विकू नका. वाढत्या कळपात नर तयार झाला की पडदा लावून त्याला दाखवायला अंडी घालणाऱ्या माद्या आधीच हाताशी असतील.